हिरव्या दोऱ्याचं बटण

फुलीसाहेबांनी दुसरं घर केलंय, ही कुजबुज त्या शिवणकारखान्यात इस्त्रीच्या टेबलावरून निघाली आणि दुपारच्या चहापर्यंत काज-बटणाच्या मशीनवर येऊन पोचलीसुद्धा.

"दर गुरुवारी. सात वीसला. गाण्याच्या क्लासवाल्या बाईंकडे," इस्त्रीवाल्याने वाफ सोडावी तसा फुस्स आवाज काढत सांगितलं. "या डोळ्यांनी पाहिलं. बाईंच्या जिन्यापाशीच उभे होते. केस सारखे केले, खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढली आणि समोर बघून चक्क हसले!"

"हसले?" काजमावशींचा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला. दुसरं घर त्यांनी एक वेळ मान्य केलं असतं, पण हसण्यावर त्यांचा विश्वास बसेना.

त्यांचंही बरोबरच होतं. फुलीसाहेब म्हणजे कारखान्याचे तपासनीस. शाळेचे गणवेश, पहारेकऱ्यांचे सदरे, नर्सांचे झगे, जे काही तिथे शिवलं जाई ते त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय खोक्यात पडत नसे. कानावर खडू, गळ्यात टेप आणि बोटांत धागे कापायची चिमुकली कात्री. टाका जरा इकडेतिकडे झाला की त्यावर खडूची फुली. बावीस वर्षं हा माणूस फुल्या मारत आला होता. खरं नाव हजेरीपटात होतं, आणि ते तिथेच राहिलं. समोरचा कितीही कळकळीने बोलत असो, यांची नजर त्याच्या कॉलरवरच्या लोंबत्या धाग्यावर, आणि वाक्य संपायच्या आत कात्रीची 'कच्च'. स्वतःच्या लग्नात त्यांनी सासऱ्यांच्या कोटाची बाही उलटून अस्तर तपासलं होतं, असं त्यांची बायको आजही शपथेवर सांगते.

तर अशा माणसाच्या मनात एक गोष्ट गेले दोन महिने घर करून बसली होती. तिचा गाण्याशी काडीचा संबंध नव्हता. ती होती टीव्हीवरची एक विनोदी मालिका, 'बेवारस विभाग'.

मालिका तशी साधी. एक सरकारी कार्यालय, लोकांच्या हरवलेल्या वस्तू जमा करून ठेवणारं. छत्र्या, चष्मे, एकेक पायातली चप्पल, एकदा तर जिवंत पोपट. त्यात एक खडूस हेडक्लार्क, एक तिखट जिभेची टायपिस्ट आणि हेडक्लार्कच्या नावाने दिवसभर खडे फोडणारा शिपाई. दर गुरुवारी साडेसात ते आठ. आणि शुक्रवारी दुपारी चहाच्या वीस मिनिटांत अख्खा कारखाना त्या कार्यालयात कामाला लागल्यासारखा बोलायचा. कटिंगमास्तर कैची आपटून मुद्दे मांडायचे, काजमावशी ते खोडून काढायच्या आणि इस्त्रीवाला कानावर खडू ठेवून हेडक्लार्कची नक्कल करायचा. त्या नकलेत हेडक्लार्क किती आणि फुलीसाहेब किती, हे सांगायला कोणी शहाणा लागत नव्हता.

म्हणूनच फुलीसाहेब चहाच्या खोलीच्या दारात आले की सगळे गप्प. कप तोंडाला, नजर जमिनीला. एकदा त्यांनी धीर करून विचारलंही होतं, "काय चाललंय?" मास्तर म्हणाले, "काही नाही साहेब, गणवेशाच्या खिशाबद्दल बोलत होतो." बिचारे फुलीसाहेब खिशाबद्दल चार शब्द बोलून परत गेले.

पण परत म्हणजे कुठे? शेजारच्या ताग्यांच्या खोलीत. छताला भिडलेल्या कापडाच्या ताग्यांआड, जिथे चहाच्या खोलीची लाकडी भिंत जरा फटीची होती, तिथे ते कान लावून उभे राहायचे. का, तर त्यांना संवाद ऐकायचे असत. कारण मालिका ते बघत होते, पण ऐकत नव्हते!

झालं होतं असं. गाण्याच्या क्लासखाली विजेच्या वस्तूंचं एक दुकान होतं. दर्शनी काचेआड भलामोठा टीव्ही, संध्याकाळभर सुरू. फुलीसाहेब त्याच्यासमोर फुटपाथवर उभे राहायचे. घरी टीव्ही असताना हा मनुष्य फुटपाथवर का, ते कळेलच, घाई कसली! काच जाड, आत काय बोलतात त्याचं अक्षर बाहेर येत नसे. उलट वरच्या क्लासातले सूर मात्र धो धो खाली येत. हेडक्लार्क शिपायावर खेकसायला तोंड उघडे आणि फुलीसाहेबांना ऐकू येई, 'सा रे ग म'. शिपाई मागे वळून दात विचकायचा तेव्हा 'प ध नी सा'. मग शुक्रवारी ताग्यांआड उभं राहून, मास्तर आणि मावशींच्या भांडणातून एकेक वाक्य वेचायचं आणि डोळ्यांत साठवलेल्या चेहऱ्यांना ते शिवायचं, हा त्यांचा उद्योग. पण एवढं शिवून झाल्यावर ते दाखवायचं कुणाला? भिंतीपलीकडे जाऊन दोन वाक्यं बोलता यावीत, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तीच होत नव्हती.

आणि मग तो शुक्रवार उजाडला.

आदल्या भागात हेडक्लार्कच्या बदलीचा हुकूम आला होता आणि आल्या आल्या गायब झाला होता. हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयातच हुकूम हरवला! चहाच्या खोलीत नुसता गोंधळ.

"टायपिस्टनेच लपवलाय," मास्तर म्हणाले. "तिचे डोळे बघितले नाहीत का?"

"तुम्ही तिचे डोळेच बघा, मास्तर," मावशी म्हणाल्या. "अहो, तो गेला की खुर्ची तिला मिळणार. ती कशाला लपवेल?"

"मग शिपायाने?"

"शिपाई? तो तर कालच म्हणाला, 'हा म्हातारा गेला की मी खिडक्या उघड्या टाकून झोपणार!' तो—"

"शिपायानेच!"

आवाज भिंतीतून आला. त्यापाठोपाठ निळ्या कापडाचा एक तागा धाडकन पडला आणि उलगडत दारापर्यंत गेला. त्यावरून उड्या मारत फुलीसाहेब आत आले. केसांत कापसाचे तंतू, डोळे चमकताहेत.

"बटण! बटण बघितलंत का कुणी?"

इस्त्रीवाल्याने कानावरचा खडू हळूच खिशात टाकला.

"हेडक्लार्कच्या कोटाच्या डाव्या बाहीचं बटण," फुलीसाहेब एका दमात बोलू लागले. "मागच्या भागात लोंबत होतं. कालच्या भागात पक्कं लावलेलं. कोट राखाडी, आणि दोरा कुठला? हिरवा! अहो हिरवा! आणि शिपायाच्या वर्दीचा फाटका खिसा कुठल्या दोऱ्याने शिवलाय? हिरव्याच! दोन्हीकडे टाका तोच. बटणाच्या चार भोकांतून आडवे दोन टाके आणि शेवटी डावीकडे गाठ. डावखुऱ्याचा हात आहे तो! शिपाई शिक्का कुठल्या हाताने मारतो?"

"डाव्या," मावशी पुटपुटल्या.

"मग! जो माणूस गुपचूप बटण लावून देतो, तो बदली होऊ देईल?"

खोलीत असा गलका उठला की मशीनखोलीतल्या दोघी धावत आल्या. तीस-पस्तीस शिवणाऱ्या माणसांनी तो भाग बघितला होता आणि बटण एकालाही दिसलं नव्हतं. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "आपण सगळे कसले कारागीर!"

"पण साहेब," मावशींनी तिरकं बघत विचारलं, "शिपाई ते खिडकीचं असं का म्हणाला मग?"

"कधी म्हणाला?"

"काल! तुम्ही भाग बघितलात ना?"

"बघितला."

"आणि ऐकला नाहीत?"

फुलीसाहेबांनी कात्री या बोटातून त्या बोटात घेतली. "तिथे ऐकू येत नाही."

"तिथे म्हणजे कुठे?"

"काचेतून. दुकानाच्या."

इस्त्रीवाल्याच्या हातातला कप कलंडला. "म्हणजे त्या गाण्याच्या बाई..."

"कोण बाई?"

"कोणी नाही साहेब, कोणी नाही!"

तेवढ्यात चहा संपल्याची बेल झाली. नियमाप्रमाणे फुलीसाहेब आधी निघाले. दारात मावशींनी त्यांना गाठलं. "साहेब, तुमचं म्हणणं खरं निघालं तर पुढच्या शुक्रवारपासून तुमचं स्टूल आमच्यात. पण खोटं निघालं तर फुली तुमच्यावर, आणि खडू माझ्या हातात. कबूल?"

"कबूल," फुलीसाहेब म्हणाले. त्या दुपारी एका सदऱ्याचा खिसा उलटा लागलेला असताना तो त्यांच्या टेबलावरून बिनफुलीचा पुढे गेला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तो आठवडा काही विचारू नका. बटणाच्या बाजूचे आणि बटणाच्या विरुद्धचे असे दोन तट पडले. मास्तर ऐन मापं घेताना "हिरवा!" म्हणून ओरडले आणि गिऱ्हाईक दचकलं. इकडे अफवाही स्वस्थ बसली नव्हती. इस्त्रीवाल्याने ती आपल्या बायकोला आधीच पोचवून ठेवली होती, आणि खुलासा पोचवायचं मात्र तो साफ विसरला. त्याची बायको आणि फुलीसाहेबांची बायको एकाच गाडीवर भाजी घेत. यापुढचं मी सांगायला हवं असं नाही.

गुरुवारी सात वीसला फुलीसाहेब दुकानापाशी पोचले तर काचेसमोर आधीच नऊ जण. मास्तरांनी घडीची खुर्ची आणली होती. मावशींनी पर्समधून खडू काढून दाखवला. एवढी गर्दी बघून दुकानदार बाहेर आला.

"घ्यायचाय का कुणाला?"

"आवाज घ्यायचाय," मावशी म्हणाल्या. "दार उघडा आणि मोठा करा, भाऊ. इथे एका माणसाची इज्जत पणाला लागलीय."

दुकानदार हसला. दार उघडं राहिलं, आवाज वाढला, आणि फुलीसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा हेडक्लार्कचा आवाज ऐकला. ते दचकलेच. "इतका बारीक?" दोन महिने त्यांनी त्याला स्वतःचाच आवाज देऊन ठेवला होता.

मग भाग रंगला. हेडक्लार्क सामान आवरतोय. बाही खुंटीला अडकते. तो बटणाकडे बघतो, डोळे बारीक करतो. "हे कुणी लावलं?" शिपाई छताकडे बघतो. टायपिस्ट शिपायाच्या खिशाकडे बघते.

"हिरवा! हिरवा!" फुटपाथवर मास्तर खुर्चीवरून उठलेच. कुणीतरी फुलीसाहेबांच्या पाठीत थाप मारली. बावीस वर्षांत ती हिंमत कुणाची झाली नव्हती.

"थांबा," मावशी ओरडल्या, "हुकूम कुठाय?"

पडद्यावर हेडक्लार्कने कोपऱ्यातली एक बेवारस छत्री उचलली, उघडली, आणि तिच्यातून घडी घातलेला कागद टपकन खाली पडला. बदलीचा हुकूम. हेडक्लार्क त्या बारीक आवाजात म्हणाला, "मीच हरवला होता. मला जायचं नाहीये." 'पुढील भागात' अशी पाटी आली आणि फुटपाथवर वादाचा स्फोट झाला.

"साहेब हरले! हुकूम शिपायाने लपवलाच नव्हता!"

"पण बटण त्यानेच लावलं होतं ना? जिंकले!"

"अर्धे जिंकले!"

मावशींनी निवाडा केला. फुलीसाहेबांची बाही पकडून तिच्यावर खडूची एकच तिरकी रेघ ओढली. "ही अर्धी फुली. स्टूल मंजूर, पण भिंतीच्या कडेचं."

फुलीसाहेब हसले. इस्त्रीवाल्याने ते हसू आता साक्षीदारांसमोर पाहिलं.

"अहो!"

हा आवाज मागून आला होता. सगळे वळले. फुलीसाहेबांची बायको पदर खोचून जिन्याच्या तोंडाशी उभी होती. वरच्या क्लासात जाऊन, दहा-बारा पोरं आणि एक पेटी बघून नुकतीच ती खाली उतरली होती. तिने नवरा बघितला, नऊ माणसं बघितली, टीव्ही बघितला.

"हे करायला येता तुम्ही गुरुवारी?"

"मालिका..." फुलीसाहेबांचाच आवाज आता हेडक्लार्कसारखा निघाला.

"तुमच्यापायी माझा आजचा भाग बुडाला! हुकूम कुणी लपवला होता?"

"हेडक्लार्कनेच," नऊ जण एकदम म्हणाले.

"बघा! मी पोरीला तेच सांगत होते."

फुलीसाहेबांची कात्री थबकली. "एक मिनिट. तू कुठे बघतेस? आपला टीव्ही तर चादरीत आहे. टाके मी दर रविवारी तपासतो. एकही उसवलेला नाही."

"टाक्यांना कोण हात लावतंय? वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे बघतो आम्ही. दोघी."

"दोघी? तिची परीक्षा आहे!"

"अर्धा तास हसली तर नापास होणार नाही. आणि बापाने फुटपाथवर उभं राहून बघितलेलं चालतं का?"

मावशींना राहवेना. "वहिनी, टीव्ही चादरीत म्हणजे?"

"शिवलाय यांनी! चारी बाजूंनी, दुहेरी टाक्याने. परीक्षा संपेपर्यंत कुणी उघडला तर कळावं म्हणून."

मास्तर खुर्चीवर बसले, कारण हसू उभ्याने मावेना. आणि फुलीसाहेब? त्यांनी आधी बायकोच्या खांद्यावरचा एक लोंबता धागा कापला. मग म्हणाले, "घरी चल. उसवू."

दुसऱ्या दिवशी चहाच्या खोलीत भिंतीच्या कडेला एक स्टूल होतं. त्यावर फुलीसाहेब होते, आणि छत्रीच्या कापडाला शिवण उलटी होती असं त्यांचं म्हणणं होतं.

राहता राहिली ती कुजबुज. फुलीसाहेबांचं दुसरं घर नव्हतं आणि गाण्याच्या बाईंशी ते कधी एक शब्दही बोलले नव्हते. मुलीच्या परीक्षेसाठी घरचा टीव्ही त्यांनी स्वतःच शिवून टाकला होता, आणि स्वतःचा टाका बायकोसमोर उसवायची त्यांना लाज वाटत होती, म्हणून ते दर गुरुवारी दुकानाच्या काचेतून मालिका बघत होते.