साफ केलेली तारली

माझ्या पहिल्या नोकरीत माझं काम होतं मासे ऐकायचं. नव्वदच्या दशकात पुण्यात गल्लोगल्ली संगणकाच्या कंपन्या निघत होत्या. आमची कर्वेनगरात, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. परदेशी गिऱ्हाइकासाठी आम्ही सोनार बनवत होतो. बोटीखालून पाण्यात आवाज सोडायचा, माशांवर आपटून परतणारा प्रतिध्वनी पकडायचा आणि त्यावरून खाली तारलीसारखे छोटे मासे किती आहेत ते सांगायचं. समुद्र लांब होता, पण त्याची फिकीर कोणाला!

प्रतिध्वनीवरून मासे मोजणारा प्रोग्रॅम माझा. मी नागपूरची, घरातली पहिली इंजिनियर, आणि नोकरी अजून कच्ची. शनिवारच्या चाचणीत प्रोग्रॅम चालला तर कायम, नाहीतर घरी, असं मालकांनी तोंडावर सांगितलं होतं.

चाचणी मागच्या अंगणातल्या हौदात होती. तारली नायलॉनच्या दोऱ्यात ओवून पाण्यात सोडायची. ती आणायला आमचे सर, म्हणजे मला काम शिकवणारे वरिष्ठ, स्वतः गेले. जन्मात मासळी बाजाराची पायरी न चढलेला माणूस! वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना वास जाऊ नये म्हणून त्यांनी मासे दुधाच्या किटलीतून आणले आणि स्वतःच दोऱ्यात ओवले.

तारली पाण्यात गेली आणि पडद्यावर जेमतेम एक फिकट डाग उमटला. माझ्या प्रोग्रॅमच्या मते हौद जवळजवळ रिकामा होता.

"आम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसतात ते मासे तुमच्या यंत्राला दिसत नाहीत. वा!" मालक म्हणाले आणि आत निघून गेले. मला रडू येत होतं. राग तर सगळ्यांचाच आला, त्या मेलेल्या माशांचासुद्धा.

दोरा वर ओढला आणि मी बघतच राहिले. माशांना डोकी नव्हती, पोटं चिरलेली होती.

"सर, साफ करून आणलेत?"

"अहो, ती मासेवाली म्हणाली, साफ करून देऊ का? म्हटलं द्या. घाण कशाला आणायची?"

माशाच्या पोटात हवेचा एक छोटा फुगा असतो. आई मासे चिरायला बसली की तो मिळवायला आम्हा भावंडांची भांडणं व्हायची. टाचेखाली फट्कन फुटायचा. आवाज परततो तो मुख्यतः त्या हवेवर आपटून. हे मला फळ्यावर सरांनीच शिकवलं होतं.

सरांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार!" म्हणत त्यांनी पुन्हा स्कूटरला किक मारली.

अख्खी तारली पाण्यात सोडल्यावर पडदा उजळला आणि प्रोग्रॅमचा आकडा जुळला. सर तडक मालकांकडे गेले. "यंत्र बरोबर, प्रोग्रॅम बरोबर. बाजार चुकला. तो मी केला होता." गप्प राहिले असते तरी चाललं असतं. त्यांचा तो कोरडा आवाज मला तेव्हा फार मायाळू वाटला.

संध्याकाळी बूथवरून घरी, म्हणजे शेजाऱ्यांच्या नंबरावर, फोन लावला. बाबा तिथेच बसून होते. जय भीम झाल्या झाल्या मी सांगितलं, "बाबा, नोकरी कायम झाली."

पलीकडून त्यांचा आवाज आला.

"मी तं तुले आणायले यायचं तिकीट काढून ठेवलं होतं, बेटा."