आईला भांडायला लावलं

"मावशी, जरा भांडा ना. कोळणी भांडतात तसं."

आमच्या पेपरच्या डिजिटल विभागाचा प्रमुख माझ्या आईला हे म्हणाला. बोरिवलीच्या मासळी बाजारात, तिच्या गिऱ्हाइकांसमोर. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताने नाकाला रुमाल. वयाने माझ्याहून लहान, पण मालकांच्या नात्यातला.

आई माझ्याकडे बघायला लागली. "यो काय बोलतं गो?"

तिला मी सांगितलं होतं, आपल्या मनोरीच्या खाडीबद्दल बोलायचंय. पाणी काळं पडलंय. जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त येतं. मी त्यावर बातमी लिहिली होती. पण आमचं उपनगरांचं पान बंद झालं होतं आणि आम्हा बातमीदारांना साकीनाक्याच्या ऑफिसात वेबसाइटच्या कामाला बसवलं होतं. बातमी बघून प्रमुख म्हणाला, "लिहिलेलं कोण वाचतं यार? तुझी आई मासे विकते ना? व्हिडिओ करू."

आईने काय काय सांगायचं ते मनाशी जुळवून ठेवलं होतं. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.

"खाडीचं नंतर घेऊ," तो म्हणाला. ऑफिसातल्याच एका मुलीला त्याने गिऱ्हाईक केलं. सुरमई सडकी आहे म्हणायला लावलं. सुरमई ताजी होती. तरी आईने ऐकून घेतलं, आणि माझ्या नोकरीसाठी ती भांडली. हात नाचवून. शिव्या देऊन. मग मला हळूच विचारलं, "झालं ना तुज्या सायबाचं?"

खाडीचं त्याने घेतलंच नाही.

'कोळीणबाईचा राडा' या नावाने व्हिडिओ वेबसाइटवर चढला. मलाच चढवायला लावला, कारण ते काम माझं. खाली लोकांनी लिहिलं, 'इथपर्यंत वास आला.' 'बाई आहे की कोण?' हसण्याचे चेहरे टाकले. व्हिडिओ जोरात चालला म्हणून ऑफिसात केक कापला. पहिला तुकडा माझ्या हातात. तो मी तसाच टेबलावर ठेवला.

"आता तूपण ये कॅमेऱ्यासमोर," प्रमुख म्हणाला. "फक्त तुझं मराठी फार शुद्ध आहे यार. आईसारखं बोल ना."

याच पेपरात मी नवीन लागले तेव्हा माझं 'पानी' ऐकून उपसंपादक हसायचे. एकजण पाण्याचा ग्लास पुढे धरून विचारायचा, "हे काय आहे गं?" मनोरीला घरी जाताना मार्वेच्या बोटीत बसून मी 'पाणी, पाणी' घोकायचे. घरी आईशी बोलताना जीभ अडखळायला लागली, इतकं घोकलं. आणि आता प्रमुख म्हणत होता, तेच परत बोल. लोकांना हसायला पाहिजे म्हणून.

"नाय बोलनार," मी म्हणाले.

तो खूश झाला. "झकास. असंच."

त्याला वाटलं, सुरुवात झाली.

"तो व्हिडिओ काढ," मी म्हणाले.

"वेडी आहेस का? मस्त चालतोय."

मी माझ्या जागेवर जाऊन तो स्वतःच काढून टाकला. सगळे बघत होते. तेव्हा तो अगदी हळू आवाजात बोलला. "मासळीतच बसायचं होतं तर इथे आलीस कशाला?" अन्यायावर अग्रलेख लिहिणारे दोघे समोरच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मी बॅग उचलली.

व्हिडिओ काढून काही झालं नाही. तो आधीच लोकांच्या मोबाइलवर पोचला होता. गिऱ्हाइकं अजून आईला दाखवतात. ती बघत नाही, मासळी कापत राहते.

आता मी ब्लॉग चालवते. आईला खाडीबद्दल जे सांगायचं राहिलं होतं ते तिच्याकडून लिहून घेतलं आणि तिच्याच बोलीत टाकलं, एक अक्षर न बदलता. वाचणारे थोडे. 'भाषा सुधारा,' असं एकाने खाली लिहिलं.

सुधारणार नाही. खाडीत घाण कोण सोडतं ते मी शोधतेय. सापडला की त्याचं नाव छापीन. आईच्या बोलीत.