विझलेल्या आगीला कोण भितं?

आमचे हे अग्निशमन दलात होते. सगळी नोकरी बंबाच्या गाडीवर गेली. आता घशात कॅन्सर निघालाय, अन् जो येतो तो आधी एकच विचारतो, "तंबाखू खायचे का हो?" नाय! सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाय या माणसानं. असं सांगितलं की समोरचा मान हलवतो अन् मनात म्हणतो, बायको झाकतीय. लई चीड येते.

धूर खाल्ला, धूर. तोही आग पेटलेली असताना नाय. तेव्हा तोंडावर मास्क असायचा, पाठीवर हवेची टाकी असायची. आग विझली की ते सगळं काढून गाडीत टाकायचं, हा गाडीवरच्या सगळ्यांचाच शिरस्ता. मग नुसता ओला रुमाल बांधून धुमसता ढिगारा उकरायचा. वाळूजकडं प्लास्टिकचं गोदाम जळालं तेव्हा दिवसभर उकरत होते, कुणी खाली राहिलंय का म्हणून. चहा तिथंच, भजी तिथंच, राखेत बसून. कुणी मास्क तसाच ठेवला तर तो काढेपर्यंत बाकीचे त्याची खेचायचे. आमचे हे त्यात सगळ्यांत पुढं. मी भांडले की म्हणायचे, "अगं, विझलेल्या आगीला कोण भितं?"

घरी आले की खोकल्यातून काळं पडायचं. कोट धुवायला मागितला तर देत नव्हते. काळाकुट्ट कोट म्हणजे जुना, मुरलेला माणूस! हर्सूलच्या आमच्या दोन खोल्यांत तो कोट पोरीच्या दप्तराशेजारी खुंटीला लटकायचा अन् घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटायचा. जळो मेला तो मोठेपणा.

डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल. मी विचारलं, धुरानंच झालं ना? ते म्हणाले, अशा कामात वर्षं काढलेल्यांना धोका जास्त असतो, पण यांना त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. तंबाखूचं मात्र सगळ्यांना छातीठोक सांगता येतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गाडीवरची माणसं दवाखान्यात भेटायला येणार होती. सकाळपासून मी यांच्या मागं लागले.

"आज त्यांना मास्कचं सांगून टाका. माझं कोण ऐकतंय? तुमचं ऐकतील. उद्या सांगायला आवाज नाय राहणार."

हे भिंतीकडं तोंड करून पडले. "भेदरलाय म्हणतील गं."

"म्हणू द्या! त्यांच्याबी घरी बायका-पोरं हायेत."

दुपारी माणसं आली, शहागंजातून सफरचंदं घेऊन. कोण रिटायर झालं, कुणाची बदली झाली, सगळं बोलून झालं. उठायची वेळ आली तरी हे गप्पच. मी नुसती यांच्याकडं बघत राहिले. शेवटी हे कसेबसे उठून बसले.

"ऐका रे," घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आग विझली तरी मास्क काढत जाऊ नका. मला त्यानंच झालंय."

उठायला निघालेले परत खाली बसले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तेवढ्यात एकजण यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय दादा, आता म्हातारपणी आमाला घुंघट घ्यायला लावता व्हय?"

खोलीभर हशा पिकला. अन् हेही हसले, त्यांच्याबरोबर, नेहमीसारखे.

दुसऱ्या दिवशी स्वरयंत्र काढलं. यांचा आवाज आठवायला गेले की मला ते हसणंच ऐकू येतं.