धाकटीच्या ताटातली भाजी

थोरली सून दातांच्या कवळ्या बनवायची. तीन डॉक्टरांकडून तिच्याकडे तोंडाचे साचे यायचे. त्यात ती प्लास्टर ओतायची, गुलाबी मेणात एकेक दात बसवायची आणि शेवटी फिरत्या चाकावर कवळी अशी चकचकीत करायची की घालणारा आधी आरशासमोर जाऊन हसून घ्यायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चावण्याची सोय बघणाऱ्या या बाईला स्वतःचं जेवण मात्र कधी सुखाचं लागलं नाही. सहा वर्षांपूर्वी रक्तात चरबी वाढल्याचं निघालं, तेव्हा तिनं मांस, मासे, अंडी सगळ्यालाच हात जोडले. धान्य सेंद्रिय, भाजी सेंद्रिय, तीही लेबल दोनदा वाचून. ओट्यावर छोटा तराजू असायचा आणि भातसुद्धा तोलून ताटात पडायचा. नवरा मुकाट्यानं खायचा. बाहेर काय खायचा, ते देव जाणे.

धाकटा दीर आणि त्याची बायको वरच्या मजल्यावर राहायला येईपर्यंत हे सगळं सुरळीत होतं. धाकटी बसच्या सीटांची कव्हरं शिवायच्या कारखान्यात होती. बोटांना सुया टोचलेल्या, तोंडावर सदा हसू. तीही बहुतेक भाजीपाल्यावरच राहायची, पण तिचं सगळं अघळपघळ. घरात डाळी, फळं, पालेभाज्या. कुणाकडे जेवायला गेली आणि पानात मासा आला, तर तोही आवडीनं खायची. थोरलीनं एकदा टोकलं, तेव्हा ती म्हणाली, "ताई, भाजी मला आवडते म्हणून खाते. तिची नोकरी नाही करत मी."

हे वाक्य थोरलीच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

त्यात वर्षाच्या तपासणीचे कागद आले. धाकटीचं सगळं ठीक, आणि थोरलीची चरबी अजूनही रेघेच्या वरच. तिनं तो कागद चार घड्या घालून कपाटात ठेवला. पण खरा घाव घातला सासऱ्यांनी. ते राहायला खाली थोरलीकडे. "जरा वर जाऊन येतो" म्हणायचे आणि तासाभरानं तृप्त ढेकर देत जिना उतरायचे. थोरलीनं वाढलेलं ताट झाकलेलंच राहायचं. वीस वर्षं त्यांचं पथ्यपाणी हिनं सांभाळलं, आणि कौतुक कुणाच्या पालकाचं, तर काल आलेलीच्या.

धाकटीनं भाजी कुठून आणते ते कधी लपवलं नव्हतं. पाण्याच्या टाकीमागे एका विधवा बाईचा मळा होता. सगळे तिला माळीणबाई म्हणत. औषध नाही, रासायनिक खत नाही, लेबलही नाही. सुट्टीच्या सकाळी धाकटी तिथं जाऊन तण काढायची आणि पिशवी भरून भाजी घेऊन यायची. "चला ना एकदा," असं तिनं थोरलीला दोनदा म्हटलं. थोरली गेली नाही.

एका सकाळी शेजारणींनी धाकटीच्या भाजीची वाखाणणी सुरू केली आणि थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "त्या मळ्याला गटाराचं पाणी घालतात म्हणे."

शेवटी 'म्हणे' जोडलं की खोट्याचं पाप निम्मं होतं, असं तिला वाटलं असावं. पण बोललेल्या शब्दाला पाय फुटतात. आठ दिवसांनी दवाखान्यातली मदतनीस साचे द्यायला आली आणि तिनं तीच गोष्ट थोरलीलाच सांगितली. आता त्यात दोन आजारी मुलंही होती. थोरलीच्या हातातलं मेण तसंच थंड झालं.

सासऱ्यांच्याही कानावर गेलं. त्यांनी वर जाणं बंद केलं. हवं होतं ते झालं होतं. पण म्हातारा खाली बसून चार घास चिवडायचा आणि भूक नाही म्हणून उठायचा. वरून हसण्याचा आवाज येईनासा झाला. धाकटी एकदा जिन्यात भेटली, तेव्हा इतकंच म्हणाली की माळीणबाईंचं गिऱ्हाईक तुटलंय, भाजी वाफ्यातच जून होतेय.

त्या रविवारी थोरली एकटीच मळ्यावर गेली. टाकीमागची पायवाट, काटक्यांचं कुंपण. आत पालकाला तुरे आले होते, मुळे फुलून गेले होते. माळीणबाई तिला ओळखत नव्हती. नवं गिऱ्हाईक समजून तिनं आधी विहीरच दाखवली. पाणी इतकं नितळ की तळाचे दगड मोजून घ्यावेत.

"गटाराच्या पाण्याचं कुणीतरी उठवलंय बघा," माळीणबाई म्हणाली. "उठवायच्या आधी एकदा येऊन बघायचं तरी."

थोरली विहिरीच्या काठाला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मीच ती. तुमच्याकडे तण काढायला येते ना, तिची थोरली जाऊ."

माळीणबाईनं आरडाओरडा केला नाही. ती एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगितलंत, त्यांना सांगा."

थोरलीनं ते केलं. एकेक दार ठोठावून आपण खोटं बोललो म्हणून सांगितलं. दवाखान्यातही सांगितलं. काहींनी मान हलवली, एकीनं तिच्याच तोंडावर आग असल्याशिवाय धूर निघत नाही म्हणून ऐकवलं. निम्मं गिऱ्हाईक परतलं, निम्मं आलंच नाही. सासरे ऐकून उठले आणि जिना चढून गेले. धाकटी तीन आठवडे बोलली नाही.

चौथ्या रविवारी तिनं वरून हाक मारली, "ताई, पानं वाढलीत."

थोरली गेली. पालक होता, मऊ शिजवलेला, वर लसणाची फोडणी. सासरे दुसऱ्यांदा वाढून घेत होते. थोरलीनं पहिला घास घेतला. भाजी खरंच सुरेख झाली होती, आणि तिच्या आत पुन्हा तसंच काहीतरी जळजळलं. इतकं सगळं होऊनही ते गेलं नव्हतं. तिनं घास गिळला आणि ताटाकडे बघतच म्हणाली, "मला तुझा फार हेवा वाटतो गं."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "अजून वाढू?"

थोरलीनं ताट पुढे केलं.