घटसर्पाचं विष

माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिला घटसर्प झाला. घसा दुखतो म्हणाली, तेव्हा मी मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला लावल्या. दुसऱ्या सकाळी घशात राखाडी पापुद्रा दिसला आणि श्वासाला घरघर लागली. मालक कापूस घेऊन जळगावला गेले होते. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, गाडी जुंपली आणि आम्ही तिला धुळ्याच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी घसा पाहिला आणि घोड्यापासून बनवलेलं औषध टोचावं लागेल म्हणाले. आबा मध्ये आले.

"घोडानं रगत पोरना आंगमा?"

डॉक्टर चिडले नाहीत. "रक्त नाही आबा, रक्तातलं पिवळं पाणी. जंतू घशातच बसलेत, पण त्यांचं विष हिच्या हृदयाकडे निघालंय. घोड्याला तेच विष थोडं थोडं दिलं की त्याच्या अंगात उतारा तयार होतो. हिचं अंगही उतारा करील, पण त्याला वेळ लागेल. तोवर ही टिकायची नाही."

मी पदर सावरला आणि म्हटलं, "टोचा." आबांसमोर मी त्यांच्या आधी कधी बोलले नव्हते. ते बाजूला झाले.

पापुद्रा सुटला, श्वास मोकळा झाला. पण आठवड्याभरानं तिच्या अंगावर गांधी उठल्या, सांधे सुजले. माझ्या त्या एका शब्दानंच हे ओढवलं असं वाटून मला जेवण जाईना. डॉक्टर म्हणाले, तिच्या अंगानं घोड्याचं औषध परकं म्हणून ओळखलं आहे, उतरेल हे.

मी विचारलं, खऱ्या विषापुढे गप्प बसलेलं शरीर औषधाशी कसं भांडतं? ते म्हणाले, गप्प नव्हतं, दोन्ही ओळखायला शिकत होतं. विष फक्त त्याच्यापेक्षा वेगानं धावलं.

गांधी गेल्या. हृदयापर्यंत पोचलेलं विष मात्र औषधाला परत आणता येत नव्हतं, आणि हृदयावर ताण पडू नये म्हणून कित्येक आठवडे तिला खाटेवरून उठू द्यायचं नव्हतं. आबा शेत सोडून तिच्या उशाशी बसत, केळं कुस्करून भरवत. ती वाचली.

पुढं डॉक्टरांनी तिच्या धाकट्या भावासाठी लस मागवली. तेच विष, धार काढून घेतलेलं. त्यावर पोराचं अंग आधीच उतारा शिकून ठेवील, असं त्यांनी सांगितलं. या वेळी आबा स्वतःच पुढे झाले. नातवाला मांडीवर घेतलं आणि त्याची बाही वर सारली.