जात्यावर बसलेली मड्डम

सोलापुरात गिरणीच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर मी दळण दळायचे. त्याची मड्डम आयर्लंडची. बोटीनं दूर गेलेल्या प्रियकरावरची तिकडची गाणी ती पियानोवर गाऊ लागली, की साहेब खेकसून झाकण लावायचा. माझं डोकंच फिरायचं. एकदा मोडक्या हिंदीत तिला सांगितलं, आमच्यात जात्यावर बाईनं काहीही गावं. पीठ हवं असतं, म्हणून सासूसुद्धा अडवत नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर बसली, खुंटा धरला आणि गळा मोकळा करून गायली. साहेब दारापर्यंत आला, पीठ बघून मुकाट्यानं माघारी गेला.

तिचं माहेर दर्यापार. माझं वैरागला, बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. पण चार वर्षं मला कुणी धाडलं नव्हतं. दळण संपलं, तरी दोघी रिकामं जातं फिरवत राहिलो.