फणसाची बाकडी

येसाजीतात्या आमच्या हायस्कूलचा शिपाई. रिटायर झाला तरी घंटा द्यायला तोच जायचा. मी त्याची शेजारीण, भिंतीला भिंत लागलेली. त्याचं गुणगान गायला बसले नाही मी; माणूस महाहट्टी. पण गावानं त्याच्याशी जे केलं ते बोलून टाकल्याशिवाय माझ्या जिवाला चैन नाही.

गावानं श्रमदानानं शाळा बांधली तेव्हा बसायला काहीच नव्हतं. तात्यानं बांधावरचा, बापाच्या हातचा फणस तोडला, सुताराला घरी बसवून बाकडी करून घेतली. बायको कडाडली, "आता पोरांनी फणस खायचे कुठं?" हा म्हणतो, "शिकतील आणि इकत घेऊन खातील!" गावातल्या दोन पिढ्या त्याच बाकड्यांवर दहावीला बसल्या. आताचा सरपंच सुनील त्यातलाच. तो तीनदा बसला, तो भाग वेगळा.

मग जमिनी विकल्या, हातात पैसा खुळखुळला, आणि दारात नेरळच्या इंग्लिश शाळेची पिवळी गाडी यायला लागली. झाडून सगळी पोरं तिच्यात. तात्याच्या मुलानं, नीलेशनंही आपल्या रुद्रला तिच्यातच बसवलं. तात्या भांडला, जेवला नाही, शेवटी गप्प बसला. हायस्कुलात उरली ती डोंगराकडच्या कातकरवाडीची पोरं. मग गावाच्या तोंडी एकच, "ती होय? ती वाडीची शाळा."

त्या वाडीतली लडकूची ललिता नववीत होती. पोरं कमी झाली म्हणून शाळा ठेवायची की बंद करायची, ते साहेब लोक होळीनंतर येऊन बघून ठरवणार होते. लडकूनं सांगूनच ठेवलेलं, शाळा मिटली की पोरीला वीटभट्टीवर नेणार. तात्यानं शाळेसाठी जीव ओतला. बाकडी घासली, खिळे ठोकले. "हिला धावीला बसवल्याबिगर मी मरत नाय," म्हणायचा.

आमच्यात होळीसाठी लाकडं चोरायची रीत आहे. चोरलेलं मागायचं नाही, होळीवर चढलेलं उतरवायचं नाही. पण आता चोरणार कुणाचं? जिकडंतिकडं फार्महाऊस, भिंती, कॅमेरे, ही एवढाली कुत्री! शाळेला ना कॅमेरा ना कुत्रं.

तिन्हीसांजेला तात्या नारळ घेऊन होळीवर आला, तर मधल्या खोडाभोवती त्याची बाकडी रचलेली.

"उतरवा रं! परवा साहेब येतायत!"

सुनील हसला. "चढलेलं उतरवत नाय तात्या. तुमीच शिकवलं आमाला. तरणेपणी सावकाराचं दार आणून टाकलं होतं ना तुमी? होळीत राग मानायचा नसतो."

"सावकाराला दुसरं दार होतं रं," तात्या म्हणाला.

कोण ऐकतंय! गावातल्या एकाही बापाचं पोर त्या बाकड्यांवर बसत असतं, तर हात लावला असता का मेल्यांनी? फणसाचं वाळलेलं लाकूड, धडाधड पेटलं. लोक म्हणाले, यंदाची होळी झकास.

साहेब आले. पोरं जमिनीवर बसलेली. 'सोयी नाहीत,' असा शेरा मारून गेले, आणि जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. निरोपाच्या समारंभात सुनीलनं गहिवरून भाषण ठोकलं, तात्याच्या खांद्यावर शाल टाकली. तात्यानं ती तिथंच खुर्चीवर ठेवली. दिवाळीनंतर ललिता भट्टीवर गेली.

यंदाच्या होळीला तात्या आला तो हात हलवत, नारळ नाही. होळी पेटली, बोंबा सुरू झाल्या. यानंही तोंडाला उलटा हात लावला. "सुनीलच्या नावानं बोंब!" लोकांना गंमत वाटली, सगळ्यांनी साथ दिली. मग पुढचं घर. मग त्याच्या पुढचं. ज्याचं ज्याचं पोर पिवळ्या गाडीत बसतं, त्या एकेकाचं नाव घेऊन तात्या ओरडत होता. हळूहळू हसणं विरलं. माझंही नाव आलं. पण अडवणार कोण? होळीत राग मानायचा नसतो ना!

शेवटी नीलेशनं दंड धरला. "बाबा, पुरं आता. लोक बघतायत."

तात्यानं त्याच्याकडं बघितलं, त्याच्या शेजारी उभ्या रुद्रकडं बघितलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललेलं. हात परत तोंडावर गेला.

"येसाजीच्या घराच्या नावानं बोंब!"

त्या बोंबेला कुणीच साथ दिली नाही.